सरबताच्या बाटलीचे लेबल बदलायचे आहे. कोणते चालेल हे छापण्याआधी तपासून कसे पाहावे?

गिरणाकाठ, भडगाव (प्रश्न) · १० जून

नमस्कार. भडगाव तालुक्यात गिरणेच्या काठी आमची कागदी लिंबाची दीड एकराची बाग आहे. पावसाळ्यात आंबे बहराचा, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याचा, लिंबाचा माल एकदम उतरतो, भाव पडतो आणि गोण्या बाजारात नेण्याचे भाडेही सुटत नाही, म्हणून चार वर्षांपूर्वी मी व माझ्या जाऊबाई अशा दोघींनी त्या दिवसांत रस काढून लिंबू-आल्याचे सरबत करायला सुरुवात केली. काचेची ७०० मिलीची बाटली आणि किंमत १४० रुपये. परवाना आहे. भडगाव, पाचोरा आणि चाळीसगाव मिळून चौदा दुकानांत माल जातो, आणि होळीपासून अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) पुढे पहिला पाऊस पडेपर्यंत जे विकले जाते त्यावरच आमचे वर्षाचे गणित बसते.

पहिले लेबल घरीच तयार झाले होते. पांढरा कागद, कडेने हिरवी रेघ, मधोमध माझ्या पुतणीने स्केचपेनने काढलेली देठापानासह दोन लिंबे आणि त्यांच्यावर जाड लाल अक्षरांत ‘लिंबू-आले सरबत’. गेल्या हिवाळ्यात आम्हाला वाटले की नाशिकसारख्या शहरातल्या दुकानांत माल ठेवायचा असेल तर हे फारच घरगुती दिसते. म्हणून एका डिझायनरकडून नवे लेबल करून घेतले: गडद हिरवी पार्श्वभूमी, बारीक सोनेरी अक्षरे, आणि लिंबांच्या जागी रेषांची नाजूक नक्षी. दोन्ही लेबलांचे फोटो नातेवाईक व मैत्रिणींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकले. ४६ जणांनी मत दिले, त्यांतल्या ३१ जणांनी नवे पसंत केले, आणि आम्ही हजार स्टिकर छापून घेतले.

मार्चमध्ये नव्या लेबलाच्या बाटल्या दुकानांत गेल्या. पंधरा दिवसांत पाचोऱ्याच्या एका दुकानदारांचा फोन आला, म्हणून मी स्वतः एक दुपार त्यांच्या दुकानात बसले. एक आजोबा आले, आमच्या सहा बाटल्या समोरच्या फळीवर होत्या, त्यांवरून त्यांची नजर दोनदा फिरली आणि त्यांनी विचारले, “ते लाल अक्षरांचे लिंबाचे सरबत यंदा आले नाही का?” दुकानदारांनी बाटली हातात दिली तेव्हा त्यांनी ती उजेडाकडे धरून आतला रंग पाहिला, बूच पाहिले आणि मग कुठे त्यांची खात्री पटली. त्याच महिन्यात आठवडे बाजारात बर्फाच्या टाकीत ठेवलेल्या बाटल्यांची लेबले तासाभरात कोपऱ्यांपासून सुटू लागली. आणखी एक गोष्ट मला फार लागली: आमच्या दोन जुन्या गिऱ्हाइकांनी सांगितले की यंदा आल्याचा स्वाद कमी झाला आहे. कृती तीच आहे, मापे तीच आहेत, आणि रस काढताना मी स्वतः उभी होते.

यंदा विक्री गेल्या वर्षाच्या मानाने साधारण पाचव्या हिश्शाने कमी झाली. मात्र मे महिन्यात अवकाळी पावसाने चार-पाच दिवस बाजारच बसले नाहीत, त्यामुळे लेबलामुळे किती फटका बसला आणि पावसामुळे किती, हे मला सांगता येत नाही. ६४० स्टिकर शिल्लक आहेत. पुढच्या हंगामाआधी लेबल पुन्हा करायचे आहे आणि या खेपेला आधी तपासून मगच छापायचे आहे. किती जणांना विचारावे, काय विचारावे, आणि पंधरा हजार रुपयांच्या आत हे कसे बसवावे? दोन्ही लेबलांचे फोटो सोबत जोडले आहेत.

किराणा दुकानदार, चोपडा · ११ जून

ताई, आमचे दुकान वडिलांच्या वेळेपासून आहे, त्यामुळे गिऱ्हाईक बाटली कशी मागते हे मी रोज पाहतो. तुमच्या फोटोंत लेबल हातभर अंतरावरून दिसते, पण तालुक्याच्या गावातल्या किराणा दुकानात गिऱ्हाईक बाटलीजवळ जातच नाही. गल्ला मध्ये असतो, गल्ल्याच्या मागे मी, माझ्या मागे रॅक, आणि रॅकवरची बाटली गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपासून सात-आठ फूट लांब असते. तिथून कोणी नाव वाचत नाही. बोट दाखवून “ती लाल अक्षरांची द्या” किंवा “पिवळ्या बुचाची द्या” असे सांगतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तर रंग आणि चित्र एवढाच आधार असतो, आणि असे गिऱ्हाईक आजही कमी नाही.

त्यामुळे माझी पहिली सूचना अशी की लेबलाचा कोणताही नमुना आधी आठ फुटांवरून पाहावा, तोही संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात. चकचकीत गडद कागदावर ट्यूबची पांढरी रेघ उमटते आणि नेमकी तीच रेघ अक्षरांवर येते, हे मी कितीतरी बाटल्यांच्या बाबतीत पाहिले आहे. त्यात आमच्याकडे रस्त्याची धूळ बसते. पांढऱ्या लेबलावर धूळ बसली तरी अक्षरे दिसत राहतात, गडद लेबलावर मात्र अख्खी बाटलीच मळकट दिसते.

दुसरे म्हणजे, गिऱ्हाईक तुमच्या मालाला आपणहून ‘लाल अक्षरांचे सरबत’ म्हणते, हे तुम्हाला फुकट मिळालेले नाव आहे. बाकी काहीही बदला, पण ती लाल अक्षरे काढू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. नाशिकच्या दुकानांची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे गिऱ्हाईक स्वतः फळीपाशी जाऊन बाटली उचलते.

छापखाना, धुळे · १२ जून

लेबले छापणे हाच माझा धंदा आहे, म्हणून जे हाताला कळते त्याबद्दल लिहितो.

तुमच्या नव्या लेबलावरचे नाव एका ओळीत फार लांब पसरले आहे, हे फोटोवरून दिसते. सपाट कागदावर किंवा मोबाइलच्या पडद्यावर ते सुंदर वाटते, पण बाटली गोल असते. ७०० मिलीच्या साध्या गोल बाटलीचा व्यास ७६ मिमीच्या आसपास धरला तर घेर सुमारे २३९ मिमी होतो. समोरून पाहताना कागदोपत्री त्यातला अर्धा भाग दिसायला हवा, पण कडेची अक्षरे इतकी तिरपी होतात की वाचता येण्याजोगा भाग घेराच्या एक तृतीयांशाएवढाच, म्हणजे जेमतेम ८० मिमी उरतो. नाव आणि चित्र या ८० मिमीच्या आत बसले पाहिजे. त्याबाहेर गेलेल्या अक्षरासाठी बाटली फिरवावी लागते, आणि गल्ल्यापलीकडचे गिऱ्हाईक बाटली कशी फिरवणार? तसेच लेबल बाटलीच्या सरळ भागावरच संपले पाहिजे. खांद्याच्या उतारावर चढवले की तिथे चुणी पडतेच, कारण दोन दिशांना वळलेल्या पृष्ठभागावर सपाट कागद कधीच नीट बसत नाही.

सोनेरी रंगाबद्दल सांगायलाच हवे. संगणकावर दिसणारा सोनेरी रंग साध्या चार रंगांच्या छपाईत सोनेरी येत नाही, तो मोहरीच्या किंवा मातीच्या रंगाकडे झुकतो. खरा सोनेरी हवा असेल तर फॉइल किंवा धातूची शाई वापरावी लागते आणि खर्च वाढतो. त्याहून मोठी अडचण आपल्या लिपीची आहे. गडद पार्श्वभूमीत बारीक फिकट अक्षरे छापताना पार्श्वभूमीचा रंग दोन-तीन शायांनी बनलेला असतो. त्यांतली एक शाई केसभर जरी सरकली तरी अक्षराची बारीक रेघ भरून जाते, आणि देवनागरीत पहिला बळी अनुस्वाराचा आणि उकारांचा जातो. तुमच्या फोटोतील ‘लिंबू’ मोठा करून पाहा, अनुस्वार जवळजवळ बुजला आहे. पांढऱ्यावर जाड लाल अक्षर छापताना एवढा धोका नसतो.

आता बर्फाची टाकी. तुमचे नवे लेबल क्रोमो कागदाचे, म्हणजे एका बाजूने चकचकीत लेप असलेल्या कागदाचे, आहे असे वाटते. वरून लॅमिनेशन केले तरी कापलेल्या कडा उघड्याच राहतात, तिथून कागद पाणी पितो, फुगतो, आणि कोपरा सुटतो. बर्फात किंवा फ्रीजमध्ये जाणाऱ्या बाटलीला पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचे स्टिकर घ्यावे, ते पाणी शोषत नाही. गोंदही विचारून घ्यावा, कारण काही गोंद थंडीत चांगले धरतात पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात मऊ होतात, आणि पारा ४५ च्या पुढे गेलेल्या दिवशी टपाखालच्या गाडीत लेबल बाटलीवरून खाली घसरते. लावताना काच कोरडी आणि हवेइतकीच गरम असावी; धुतल्याबरोबर ओलसर बाटलीवर लावलेले लेबल पुढे कधीतरी दगा देतेच.

तपासण्याची रीत सोपी आहे. नमुन्याचे स्टिकर सहा बाटल्यांना लावा आणि एक दिवस तसेच राहू द्या, कारण गोंदाला पूर्ण पकड घ्यायला वेळ लागतो. मग त्यांतल्या तीन बाटल्या दोन तास बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि बाहेर काढून ओल्या अंगठ्याने कोपरे जोराने चोळा. उरलेल्या तीन गच्चीवर भर उन्हात दोन-तीन दिवस ठेवा. तेवढ्यावरून तुम्हाला बहुतेक सगळे कळेल. डिजिटल छपाईत एका मोठ्या शीटवर दहा-बारा लेबले बसतात आणि पाच शीटसुद्धा कोणी नाकारत नाही, त्यामुळे तीन वेगळे नमुने करून पाहायला फार पैसे लागत नाहीत. आधी हजार छापून मग पाहायचे, ही पद्धत मात्र बंद करा.

पारदर्शक स्टिकरचा विचार मनात आला असेल तर एवढे लक्षात ठेवा की लिंबाचा रस साठवणीत हळूहळू तपकिरी होत जातो. पावसाळ्यात भरलेली बाटली एप्रिलमध्ये विकायची असेल तर तो रंग लेबलामागून दिसणे तुमच्या हिताचे नाही.

अन्न तंत्रज्ञान, जळगाव · १२ जून

एक काळजीची गोष्ट सांगते. प्रयोगासाठी छापलेले लेबल लावूनसुद्धा बाटली विकली जाणार असेल तर त्यावर कायद्याने लागणारा सगळा मजकूर असलाच पाहिजे. त्यात पदार्थाचे नाव, घटकांची यादी, पोषणमूल्ये, निव्वळ प्रमाण, सर्व करांसह किंमत, उत्पादनाची व मुदतीची तारीख, बॅच क्रमांक, पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे) चिन्ह व १४ अंकी परवाना क्रमांक एवढे येते. दर मिलीचा भावही लिहावा लागतो, जो तुमच्या बाटलीसाठी २० पैसे होतो. शाकाहाराच्या हिरव्या खुणेचे माप ठरलेले आहे: लेबलाचा मुख्य दर्शनी भाग १०० चौरस सेंटीमीटरपर्यंत असेल तर ठिपक्याचा व्यास किमान ३ मिमी आणि चौकोनाची बाजू किमान ६ मिमी, आणि १०० ते ५०० चौरस सेंटीमीटर असेल तर ४ आणि ८ मिमी. ही खूण नक्षीत मिसळून जाईल अशा हिरव्या पार्श्वभूमीवर टाकू नये. तुमच्या गडद हिरव्या लेबलावर ती जवळजवळ दिसत नाही.

फळाचे चित्र ठेवायला हरकत नाही, कारण तुमच्या बाटलीत खरोखर लिंबाचा रस आहे. मात्र फळांचे सरबत म्हणून विकताना रस किमान २५ टक्के आणि ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचे माप) किमान ६५ असावा लागतो, तो तुमच्या प्रत्येक बॅचमध्ये आहे याची नोंद ठेवा. परिरक्षक (माल टिकवणारा पदार्थ) घातले असेल तर ते घटकांत लिहा, आणि ‘शंभर टक्के’, ‘शुद्ध’, ‘औषधी’ असले शब्द केवळ शोभेसाठी घालू नका. २०२४ च्या जूनमध्ये एफएसएसएआयने पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या फळरसांवरून ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढायला लावला होता. माझा सल्ला असा की हा बंधनकारक मजकूर सर्व नमुन्यांवर अगदी एकाच जागी आणि एकाच आकारात ठेवावा, म्हणजे कायदाही पाळला जाईल आणि तुलना करताना तो मजकूर मध्ये येणार नाही.

संख्याशास्त्राचे शिक्षक, अमळनेर · १४ जून

ताई, तुमचा प्रश्न वाचून मला फार समाधान वाटले, कारण विक्री कमी झाल्याचा दोष लगेच लेबलावर न टाकता तुम्ही अवकाळी पावसाची नोंद केली आहे. तपासणीची सुरुवात तिथूनच होते.

आधी व्हॉट्सअ‍ॅपच्या मतांबद्दल लिहितो. ४६ पैकी ३१ हा आकडा लहान नाही. लोकांना दोन्ही लेबले सारखीच आवडत असती तर निव्वळ योगायोगाने ३१ किंवा त्याहून अधिक मते नव्या लेबलाला पडण्याची शक्यता दीड टक्क्याहूनही कमी आहे. म्हणजे त्या गटाला नवे लेबल खरोखरच अधिक आवडले होते. चूक प्रश्नात होती. तुम्ही “कोणते छान दिसते?” असे विचारले, आणि दुकानात गिऱ्हाइकापुढे तो प्रश्न कधीच नसतो, त्याला वीस बाटल्यांतून हवी ती ओळखून मागायची असते. शिवाय मत देणारे तुमचे आप्त होते, नवे कोणते हे त्यांना माहीत होते, आणि दोन्ही चित्रे त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिली, जसे बाजारात कोणीच पाहत नाही.

मोठ्या कंपन्यांचीही अशीच गत झालेली आहे. ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाचे खोके २००९ च्या जानेवारीत अमेरिकेत बदलले गेले. नळी खोचलेले संत्रे ही त्याची जुनी ओळख होती. ती काढून रसाचा पेला दाखवण्यात आला. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि कंपनीने जुने खोके परत आणले. पाचोऱ्याच्या दुकानातल्या आजोबांनी विचारलेला प्रश्न तिथल्या गिऱ्हाइकांनाही पडला असणार. चवीच्या तक्रारीलाही आधार आहे. २०११ च्या हिवाळ्यात कोका-कोलाने नेहमीच्या लाल डब्याऐवजी पांढरा डबा काढला, तेव्हा पेय तेच असूनही चव बदलली अशा तक्रारी आल्या. लुई चेस्किन या अमेरिकी अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच असे मांडले होते की वेष्टनाविषयीची भावना माणूस नकळत आतल्या वस्तूवर चढवतो. त्याच्या परंपरेतले लोक सांगत की सेव्हन-अपच्या डब्यावरील हिरव्या रंगात १५ टक्के पिवळा वाढवला की पिणाऱ्यांना लिंबाचा स्वाद अधिक जाणवतो.

त्यामुळे आल्याच्या तक्रारीचा निकाल आधी लावा. इंग्लंडमध्ये शंभरेक वर्षांपूर्वी एका बाईंनी सांगितले होते की कपात दूध आधी ओतले की चहा आधी, हे आपल्याला चवीवरून ओळखता येते. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने त्यावरून आठ कपांची परीक्षा मांडली, चार एका रीतीचे आणि चार दुसऱ्या, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. आठांतून चार निवडण्याच्या ७० रीती आहेत, म्हणून केवळ अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक असते. तुम्ही तक्रार करणाऱ्या ताईंना आठ पेले द्या. एकाच बॅचमधले सरबत चार पेल्यांत जुन्या लेबलाच्या बाटलीतून आणि चार पेल्यांत नव्या लेबलाच्या बाटलीतून ओता, बाटल्या त्यांच्या नजरेआड ठेवा, आणि ज्यांत आले कमी वाटते असे चार पेले निवडायला सांगा.

लेबलासाठी मी दोन प्रयोग सुचवतो. पहिला, शोधण्याचा. चोपड्याच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे रॅकवर इतर दहा-बारा बाटल्यांत तुमची एक बाटली ठेवा, आठ फुटांवर माणूस उभा करा, “लिंबू-आल्याचे सरबत दाखवा” असे सांगा आणि बोट वळेपर्यंतचे सेकंद मोजा. एका माणसाला एकच लेबल दाखवावे, कारण दुसऱ्या वेळी त्याला जागा ठाऊक झालेली असते. बाटलीची जागा दर माणसाला चिठ्ठीने बदलावी. घरच्या माणसांना यात घेऊ नये.

दुसरा प्रयोग विक्रीचा. सहा दुकाने निवडा. पहिले दोन आठवडे तीन दुकानांत एक लेबल आणि तीन दुकानांत दुसरे ठेवा, पुढचे दोन आठवडे अदलाबदल करा. प्रत्येक दुकानात दोन्ही लेबलांना सारखाच काळ मिळाल्यामुळे दुकान मोठे की लहान याचा परिणाम गळून जातो, आणि पाऊस आला तरी तो दोघांवरही पडतो. बाटली नेहमी त्याच फळीवर आणि त्याच उंचीवर राहील, एवढे दुकानदारांकडून कबूल करून घ्या. मात्र थोड्या आकड्यांवर भुलू नका: नाणे २० वेळा उडवले तर १३ किंवा अधिक वेळा छापा पडण्याची शक्यता सुमारे १३ टक्के असते, म्हणजे २० पैकी १३ हा कौल नव्हे. १५ किंवा अधिक येण्याची शक्यता २ टक्क्यांवर येते, तेव्हा काही बोलता येईल. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. यंदा तुम्ही रंग, अक्षरे आणि चित्र हे सगळे एकदम बदलले, म्हणून नेमके काय हरवले हे आज कोणालाच सांगता येत नाही.

गिरणाकाठ, भडगाव · २२ नोव्हेंबर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण रस काढण्याचे काम संपेपर्यंत हात मोकळे झाले नाहीत आणि विक्रीचा प्रयोग ऑक्टोबरच्या उकाड्यातच करायचा होता.

आठ पेल्यांची परीक्षा आम्ही ऑगस्टमध्ये घेतली. आल्याची तक्रार करणाऱ्या एका ताई आनंदाने तयार झाल्या. त्यांनी निवडलेल्या चार पेल्यांत दोन जुन्या लेबलाचे निघाले आणि दोन नव्या. त्यानंतर दोन्ही बाटल्या समोर ठेवून एकेक पेला दिला, तेव्हा त्यांनी पुन्हा हिरव्या बाटलीकडे बोट दाखवून “यात आले कमी आहे” असेच सांगितले, आणि ते अगदी मनापासून. जाऊबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. आमच्या हाताला काही झालेले नाही हे कळल्यावर त्या रात्री मला चार महिन्यांनी शांत झोप लागली.

धुळ्याच्या दादांच्या सांगण्यावरून डिजिटल छपाईत तीन नमुने करून घेतले. पहिला म्हणजे जुने लेबल जसेच्या तसे, पण पॉलिप्रॉपिलीनवर. दुसरा म्हणजे तेच लेबल, त्यात फक्त दोन लिंबांशेजारी आल्याचा एक ठसठशीत तुकडा काढलेला. तिसरा म्हणजे नवे गडद हिरवे लेबल, पॉलिप्रॉपिलीनवरच. बर्फाच्या पाण्यातून काढलेल्या बाटल्यांवर मी अंगठा दुखेपर्यंत चोळले, एकही कोपरा उचलला गेला नाही. शेजारी ठेवलेल्या क्रोमोच्या एका बाटलीवर मात्र कागदाच्या वळ्या होऊन माझ्या नखात आल्या.

शोधण्याचा प्रयोग तीन दुकानांत मिळून ३६ जणांवर झाला, प्रत्येक लेबलासाठी बारा. जुन्या लेबलाला मधला वेळ (सगळ्यांचे वेळ क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) ३ सेकंद आला, आल्याच्या तुकड्याच्या लेबलाला ४, आणि गडद हिरव्याला ११. हिरव्याच्या बारा जणांपैकी तिघांनी दुसरीच बाटली दाखवली. एवढा फरक पाहिल्यावर हिरवे लेबल विक्रीच्या प्रयोगात घेतलेच नाही. आधीच्या दोन लेबलांत सहा दुकानांत चार आठवडे अदलाबदल केली: जुन्याच्या ८८ बाटल्या गेल्या आणि आल्याच्या तुकड्याच्या ९७. सर, मी तुमच्याच रीतीने पाहिले. १८५ बाटल्यांत एवढा फरक नुसत्या योगायोगानेही सहज पडतो, म्हणून आल्याच्या चित्राने विक्री वाढली असे मी म्हणणार नाही. तरीही आम्ही तेच लेबल घेतले आहे, कारण त्याने शोधायला अडचण होत नाही, विक्री कमी झालेली नाही, आणि आत आले आहे हे वाचता न येणाऱ्यालाही कळते.

नाव ७४ मिमीत बसवले आहे. लाल अक्षरे आहेत तशीच आहेत, फक्त अनुस्वार थोडा मोठा केला आहे. शाकाहाराची खूण आता पांढऱ्यावर आहे. या वेळी सहाशेच छापले, आणि नमुने व छपाई मिळून ९,२०० रुपये लागले.

राहिले ते ६४० हिरवे स्टिकर. चोपड्याच्या भाऊंनी नाशिकबद्दल लिहिले होते ते डोक्यात होते, म्हणून तिथल्या एका दुकानाशी बोलले. तिथे गिऱ्हाईक स्वतः बाटली उचलते, बर्फाची टाकी नाही, आणि आमचे जुने लेबल कोणी पाहिलेलेच नाही. जानेवारीपासून तिथे एकाच फळीवर दोन्ही लेबलांच्या बाटल्या ठेवणार आहोत, आठवड्याआड डावी-उजवी जागा बदलून, आणि दुकानदारांनी वहीत रोज दोन रकाने भरायचे कबूल केले आहे. त्या वहीतले आकडे एप्रिलमध्ये इथेच लिहीन.